प्रिएनेची घरगुती सहल

आमच्याकडे कुठेही जायला निघालेल्या माणसाने, वाटेत जो भेटेल त्याला, "चला ना, तुम्हीही चला आमच्याबरोबर," असे म्हणायचे असते. आणि ज्याला म्हटले त्याने छातीवर हात ठेवून, "नको नको, तुम्ही या जाऊन," असे उत्तर द्यायचे असते. या दोन वाक्यांवर आमच्या समाजाची सभ्यता उभी आहे. पहिले वाक्य गाळले तर माणूस उद्धट ठरतो. दुसरे गाळले तर काय होते, याचा विचार आमच्या पूर्वजांनी केलेला नसावा. कारण तसे धाडस कोणी केल्याचे निदान माझ्या वाचनात नाही, आणि मी आयुष्यभर इतिहास शिकवला आहे. ते धाडस गेल्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी सकाळी आमच्या शेजारीण मुरूव्वेत हानम, म्हणजे मुरूव्वेतबाई, यांनी केले.

मी गाडी धूत होतो. शिक्षकाला आमच्याकडे होजा म्हणतात, तो निवृत्त झाला तरी. त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "होजा, आज गाडीला आंघोळ? कुठे स्वारी?"

"उद्या पाहुण्यांना घेऊन प्रिएनेला. प्राचीन शहर दाखवून आणतो," मी म्हणालो, आणि रीतीप्रमाणे पुढे जोडले, "तुम्हीही चला ना."

मुरूव्वेत हानमांनी छातीवर हात ठेवला. इथवर सर्व सुरळीत होते. मग त्या म्हणाल्या, "एवढा आग्रह करताय तर येते. इतकी वर्षं दिदिमला उन्हाळा काढतेय, पण वाळूपलीकडे काही बघितलं नाही हो. द्राक्षाच्या पानांत भात भरून गुंडाळ्या मी करून आणते."

माझ्या हातातली पाण्याची नळी बराच वेळ एकाच चाकावर वाहत राहिली.

ही सहल माझ्यासाठी नुसती सहल नव्हती, हे इथेच सांगितले पाहिजे. आदल्या संध्याकाळी आमच्या उन्हाळी घरी कास्तामोनूहून रुक्नेत्तिन बे, त्यांच्या पत्नी शुकूफे हानम आणि मुलगा तुना असे तिघे आले होते. तुना आणि आमची सेझिन यांनी आपापसात लग्न ठरवून टाकले होते. उरली होती ती मागणी. मुलाच्या वडिलांनी मुलीच्या घरी यायचे, मुलीच्या हातची कॉफी प्यायची, घसा साफ करायचा आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या शब्दांत मुलगी मागायची, ही रीत. पाहुणे आले. कॉफी प्यायले. फेस छान आल्याचे म्हणाले. रुक्नेत्तिन बेंनी घसाही साफ केला. "सेर्मेत बे, आम्ही इथं येण्याचं कारण..." एवढे ते बोलले आणि त्याच क्षणी आमचे समोरचे शेजारी झुहतू कप्तान मासळीची बादली घेऊन व्हरांड्यात आले. बादलीतले मासे, त्यांची जात, ते कोणी पकडले असते तर आणखी मोठे मिळाले असते, या चर्चेत संध्याकाळ संपली. कारण राहून गेले.

"आणलंय काय त्यांनी, बघितलंस?" माझी पत्नी बेल्कीस स्वयंपाकघरात कुजबुजली. मागणी घालायला येणारा माणूस फुले आणतो, चॉकलेटचा डबा आणतो. तिच्या हातात कास्तामोनूच्या नामांकित लसणाची एक लांबलचक वेणी होती. "लसूण घेऊन कोणी मुलगी मागायला येत नाही, सेर्मेत. हे नुसते बघायला आलेत. पसंत पडलो तर मागतील."

"आणि नाही पडलो तर?"

"तर लसूण आपला."

त्यात रुक्नेत्तिन बे हे निवृत्त शिक्षण निरीक्षक. ज्याने कधी शाळेत नोकरी केली नाही त्याला या दोन शब्दांचे वजन कळणार नाही. निरीक्षक म्हणजे वर्गात मागच्या बाकावर येऊन बसणारा, काही न बोलणारा आणि अधूनमधून घसा साफ करणारा माणूस. त्या आवाजावरून आपण बुडणार की सुटणार, याचा अंदाज घेत मी माझी उमेदीची वर्षे काढली. आता तोच आवाज माझ्या व्हरांड्यात, माझ्या मुलीचे भवितव्य घेऊन बसला होता. मला पोहता येत नाही, मासे भाजता येत नाहीत, गप्पांत रंग भरता येत नाही. मला प्रिएने येते. त्या डोंगरावरचा दगडन्‌दगड मला ठाऊक आहे. म्हणून मी ठरवले की आम्ही चौघे वडीलधारे शांतपणे गाडीतून जाऊ, देवळाच्या पायरीवर बसू, आणि या कुटुंबाला थोडीफार विद्या आहे हे निरीक्षकसाहेबांच्या लक्षात येईल. मुले तोवर समुद्रात डुंबतील.

मुरूव्वेत हानमांच्या होकाराने या योजनेचा पाया ढासळला. कारण त्याही सभ्य आहेत. गुंडाळ्यांसाठी पाने आणायला जाताना त्यांना झुहतू कप्तान भेटले, आणि "चला ना" हे वाक्य त्यांनीही उच्चारले. कप्तान हे मूळचे बँकेतले रोखपाल. निवृत्तीनंतर त्यांनी एक नाव विकत घेतली. ती आजतागायत पाण्यात गेलेली नाही, पण टोपी मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी चढवली. ते म्हणाले, "येतो. गाडी कोण चालवणार? किती टनांची? व्यवस्थेचं माझ्यावर सोडा." दुपारपर्यंत आमच्या उन्हाळी घरांच्या वसाहतीत जणू साथ पसरली. जो तो ज्याला त्याला चला म्हणत होता आणि जो तो येत होता. छातीवर हात ठेवून नाही म्हणण्याची आमची जुनी कला एका दिवसात नामशेष झाली.

संध्याकाळी लोक सल्ला द्यायला येऊ लागले. एकाने सांगितले, प्रिएनेला साप आहेत. दुसऱ्याने सांगितले, साप मिलेतसला आहेत, प्रिएनेला गाढवे आहेत. कोपऱ्यावरच्या घरातल्या निवृत्त दंतवैद्यांनी सांगितले की प्रिएने त्यांनी पाहिले आहे, तिथे काही नाही. अधिक चौकशी करता ते जिथे गेले होते ते सिमेंटच्या कारखान्याचे आवार निघाले. एका बाईंनी विचारले, "तिथे सावलीत खुर्च्या असतात ना?" मी म्हणालो, "दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. संगमरवरी." त्या म्हणाल्या, "मग मी गादी घेते."

बेल्कीस हे सर्व ऐकत ओट्याशी उभी होती. "मी चौघांपुरतं चीज भरलेलं बोरेक लाटलं होतं," ती शांतपणे म्हणाली. तिचा शांतपणा मला निरीक्षकांच्या घसा साफ करण्याइतकाच परिचित आहे.

रविवारी सकाळी कप्तानांनी ठरवलेली मिनीबस दारात उभी राहिली. जागा आहे म्हटल्यावर सेझिन आणि तुनाही निघाली. दरवाजापाशी रुक्नेत्तिन बे प्रत्येकाला "आधी तुम्ही" म्हणत होते. आमच्याकडे या वाक्यालाही ठरलेले उत्तर आहे, "छे, आधी तुम्ही". पण वसाहतीतली सभ्यता आदल्याच दिवशी संपलेली असल्याने सर्व जण खरोखरच आधी चढले आणि ते शेवटी राहिले. निघणारा सुखरूप परतावा म्हणून गाडीमागे पाणी ओतण्याची आमची पद्धत आहे. मागे राहणाऱ्या एका आजींनी मोठ्या मायेने तांब्याऐवजी बादली आणली होती, आणि त्यांना दृष्टी बेताची. गाडी निघण्याआधीच त्यांनी ती रिकामी केली. रुक्नेत्तिन बेंचा एक पाय तेव्हा पायरीवर होता.

पाठीवरून पाणी ठिबकत असताना त्यांनी आजींना वाकून "आभारी आहे" म्हटले आणि मागच्या, म्हणजे उरलेल्या एकमेव जागेवर जाऊन बसले. त्या जागेवर आधीपासून एक कलिंगड होते. ते त्यांनी मांडीवर घेतले.

मला धरणी दुभंगावी असे वाटत होते. मी वळून काही क्षमायाचना करणार, तोच ते कलिंगडावरून पुढे झुकले. "सेर्मेत बे, मला तुमच्याशी एका विषयावर..."

"होजा!" पुढून कप्तान ओरडले. "गाडीत माइक आहे!" आणि त्यांनी तो माझ्या हातात कोंबला.

शिक्षकाच्या हातात माइक देणे हा अविचार आहे. मी मेंदेरेस नदीपासून सुरुवात केली. ही नदी कशी शतकानुशतके गाळ आणत राहिली, समुद्र कसा मागे हटत गेला, बंदराचे शहर कसे शेतांच्या काठी येऊन पडले, हे सांगता सांगता मी गाडीतल्या गाडीत तरुण होत गेलो. मागच्या बाकावरून घसा साफ केल्याचा आवाज आला. मी वेग कमी केला, सनावळ्या जपून उच्चारल्या. पुन्हा आवाज आला. मी सनावळ्या गाळून टाकल्या.

प्रिएनेच्या पायथ्याशी मुरूव्वेत हानमांनी, त्या निवृत्त मुख्य परिचारिका असल्याने, रक्तदाब तपासल्याशिवाय कोणालाही चढू देणार नाही असे जाहीर केले. तिकीटखिडकीजवळच्या पाइनच्या सावलीत रांग लागली. रांगेत चुकून एक जर्मन जोडपेही उभे राहिले. त्यांना बहुधा तो प्रवेशाचा नियम वाटला. रुक्नेत्तिन बेंची पाळी आली तेव्हा मुरूव्वेत हानमांच्या भुवया वर गेल्या.

"बराच वर गेलाय. खारट खाल्लंत?"

"नाही."

"मग मनात काही ठेवलंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "ठेवलंय," ते म्हणाले.

मी डोंगराकडे पाहिले. माझ्या सहवासाने ज्याचा रक्तदाब चढतो त्याच्या घरात सेझिन कशी नांदणार, हा विचार चढणीच्या प्रत्येक पायरीवर माझ्याबरोबर होता. पुढे कप्तान चालले होते. कोणी हरवू नये म्हणून त्यांनी मासे पकडायच्या गळाच्या काठीला आपल्या पत्नीचा लाल रुमाल बांधून निशाण केले होते. त्यामागे गादी, कलिंगड, थर्मास, बोरेकचे तबक आणि जर्मन जोडपे.

अथेने देवीच्या देवळापाशी पोहोचल्यावर मात्र मी स्वतःला विसरलो. ते पाच खांब, मागे उभा कडा, खाली कापसाच्या हिरव्या शेतांचा समुद्र. मी बोलू लागलो आणि लोक खरोखर ऐकू लागले. गादीवाल्या बाई गादी विसरून उभ्या राहिल्या. कुठून कुठून इतर प्रवासीही येऊन टेकले. इतक्यात रुक्नेत्तिन बे गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सेर्मेत बे, हे खांब जरा राहू द्या."

ऐन पाठात! कपाळावर आठी न आणता मी विचारले, "काही चुकलं का, साहेब?"

"चुकलं नाही. पण मला..."

"होजा, हे खांब आतून पोकळ असतात का?" कप्तानांनी विचारले, आणि रुक्नेत्तिन बे ओठ मिटून बाजूला झाले. शुकूफे हानम त्यांच्या कानात काही तरी फणकाऱ्याने बोलताना दिसल्या. बेल्कीसने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. लसूण आपला, असा त्या हालचालीचा अर्थ होता.

शेवटचा मुक्काम नगरसभेचा. ते एक चौकोनी, आटोपशीर सभागृह आहे. तिन्ही बाजूंना दगडी पायऱ्यांची आसने आणि मध्ये वेदी. आमची वसाहत पायऱ्यांवर पसरली, गुंडाळ्यांचे डबे उघडले. मी मधोमध उभा राहून, इथे नागरिक कसे बसत, कसे वाद घालत, ते सांगितले. टाळ्या पडल्या. जर्मन गृहस्थ सद्गदित होऊन खाली उतरले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात एक नोट सरकवली.

बक्षीस! मला, माध्यमिक शाळेच्या निवृत्त शिक्षकाला, माझ्या होऊ घातलेल्या व्याह्यांच्या समोर! मी ती नोट दोन बोटांनी बाहेर काढून परत देऊ लागलो, ते घेईनात, आणि आमची ही झटापट चालू असतानाच मागून आवाज आला, "आपला परवाना बघू."

पांढरा सदरा घातलेला, गळ्यात ओळखपत्र असलेला एक तरुण तपासनीस उभा होता. त्याच्यामागे एक शिपाई.

"कसला परवाना?"

"मार्गदर्शकाचा. गळ्यात दिसायला हवा."

"मी मार्गदर्शक नाही हो. मी नुसता बोलतोय."

"तेच, काका. इथं परवान्याशिवाय बोलता येत नाही. गाडीभर माणसं, हातात निशाण, परदेशी पाहुणे, आणि," त्याने नोटेकडे पाहिले, "हे."

"चांगल्या घरचा दिसतोस रे," मुरूव्वेत हानम वरच्या पायरीवरून म्हणाल्या. "आधी सावलीत ये. गुंडाळी खा एक."

"नको, ताई. कामावर आहे." त्याने छातीवर हात ठेवला. एवढ्या दोन दिवसांत नाही म्हणणारा पहिला माणूस तोच. "घरच्या माणसांना काही सांगितलं तर हरकत नाही. पण ही सहल आहे."

"घरचीच आहोत आम्ही सगळी!" कप्तानांनी निशाण हलवले. "मी मामा."

"कोणाकडून?"

"दोन्हीकडून."

"मी थोरली बहीण," मुरूव्वेत हानम म्हणाल्या. मी चौसष्टचा आहे. ज्या बाईने आपले वय डॉक्टरलाही कधी खरे सांगितले नाही, तिने भरसभेत माझ्यासाठी ही पायरी चढावी! दंतवैद्य चुलतभाऊ झाले, गादीवाल्या बाई मावशी झाल्या. तपासनिसाने जर्मन गृहस्थांकडे पाहिले. ते हसून मान डोलावत होते. त्यांना काय व्हायचे ते ठरले नव्हते, पण त्यांची तयारी होती.

तपासनीस दमलेला, पण सज्जन होता. त्याने पेन काढले. "काका, मलाही वर जाब द्यावा लागतो. बायको-मुलीला मार्गदर्शकही बरोबर आणतो; त्या सोडून, रक्ताचं किंवा लग्नाचं एक तरी खरं नातं दाखवा. एक. मी समज देऊन जातो. नाही तर दंड लिहावा लागेल."

मग मागच्या पायरीवरून तो आवाज आला, घसा साफ केल्याचा, आणि रुक्नेत्तिन बे उठून उभे राहिले.

"मी यांचा व्याही."

तपासनीस वळला. "लग्न कधी झालं मुलांचं?"

इथे दुसरा कोणीही खोटे बोलला असता. पण तो मनुष्य तीस वर्षे निरीक्षक होता. "झालेलं नाही," ते म्हणाले. "मागणीही घालायची राहिली आहे."

"राहिली आहे म्हणजे काय!" शुकूफे हानमांचा बांध फुटला. "परवापासून घशात घेऊन फिरतोय हा माणूस! वाक्य पाठ करत करत कास्तामोनूहून आलाय. तोंड उघडलं की कधी मासे, कधी माइक, कधी खांब!"

रुक्नेत्तिन बेंनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी कोटाची बटणे लावली. पाठीकडून तो अजून ओलसर होता. तुना चटकन उठून त्यांच्या शेजारी उभा राहिला. आणि नगरसभेच्या त्या चौकात, कलिंगडाच्या फोडी हातात धरून बसलेल्या वसाहतीसमोर, ते किंचित कापऱ्या पण स्वच्छ आवाजात म्हणाले, "सेर्मेत बे, अल्लाच्या आज्ञेने आणि पैगंबरांच्या वचनाने, तुमची मुलगी सेझिन आम्ही आमच्या तुनासाठी मागतो."

सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. तपासनिसाचे पेन कागदावर टेकलेले, पण थांबलेले. एक होकार, आणि मी सुटलो असतो.

मुलीचा बाप लगेच हो म्हणत नाही. तो खिडकीबाहेर पाहतो, सुस्कारा टाकतो, मुलगी जड नाही हे सर्वांना जाणवू देतो. माझ्या सासऱ्यांनी मला इतका वेळ ताटकळत ठेवले होते की कॉफीच्या कपाची बशी माझ्या हातात वाजू लागली होती. मुलीचा बाप म्हणून माझी ती घटका मी कितीदा मनात घोळवली असेल. पण मला थांबवले ते त्या हौसेने नव्हे. मी सेझिनकडे पाहिले. ती वरच्या पायरीवर पाय जुळवून बसली होती, शाळेच्या पहिल्या दिवशी बसली होती तशी. उद्या तिची मुले तिला विचारतील, आई, तुझं लग्न कसं ठरलं? आणि ती सांगेल, तुमच्या आजोबांचा दंड वाचावा म्हणून.

"साहेब," मी तपासनिसाला म्हणालो, "दंड लिहा."

"सेर्मेत!" बेल्कीस ओरडली. शुकूफे हानमांनी तोंडाला रुमाल लावला. तुनाचा चेहरा पडला. आणि रुक्नेत्तिन बे, तो मोठा निरीक्षक, नापास झालेल्या पोरासारखे नुसते उभे राहिले. त्या क्षणी मला प्रथमच कळले, की परवापासून आम्हा दोघांत घाबरलेला मी एकटा नव्हतो.

"काका, अहो, हो म्हणून टाका की," तपासनीस पुटपुटला. "मी लिहीत नाही."

"लिहा. मी बोललो ते खरं आहे, आणि परवाना नाही हेही खरं आहे."

त्याने लिहिले. मी सही केली, पावती घडी करून खिशात ठेवली आणि त्या जर्मनाची नोट त्याच्या बायकोच्या हाती देऊन टाकली. मग मी चष्मा पुसला आणि वळलो.

"आता इथं माझी कुठलीच अडचण नाही, रुक्नेत्तिन बे. आता पुन्हा विचारा."

त्यांना उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते कोणत्याही शाळेने कधी पाहिले नसेल. दुसऱ्या वेळी त्यांनी ते वाक्य न अडखळता म्हटले, आवाज कड्यापर्यंत गेला. मी रीतीप्रमाणे दूरवर शेतांकडे पाहिले, सुस्कारा टाकला, आणि मग लेकीकडे पाहून विचारले, "सेझिन, काय सांगू?"

"बाबा, लवकर सांगा," ती म्हणाली. ती रडत होती.

"दिली," मी म्हणालो.

पुढचा गोंधळ मला नीट आठवत नाही. मुले वडीलधाऱ्यांच्या हातांचे चुंबन घेऊन ते कपाळाला लावत होती. कप्तानांनी सर्वांना एका रांगेत उभे केले, आणि गडबडीत तपासनिसानेही माझ्या हाताचे चुंबन घेतल्याचे त्याच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आले. बेल्कीस आणि शुकूफे हानम एकमेकींच्या गळ्यात पडून कार्यालय, पाहुणे, पदार्थ असे काहीबाही एकाच वेळी बोलत होत्या. मुरूव्वेत हानमांनी रुक्नेत्तिन बेंचा दंड पकडून पुन्हा रक्तदाब घेतला आणि तो आता ठीक असल्याचे सभेला जाहीर केले.

तपासनीस निघायला हवा होता, पण रेंगाळला. हातात आता गुंडाळी होती. खाली पसरलेल्या शेतांकडे बघत तो म्हणाला, "काका, एक विचारू? समुद्र खरंच इथवर होता?"

मी तोंड उघडले, आणि शहाण्या माणसासारखे मिटले. "त्याला परवाना लागतो, बाळा."

रुक्नेत्तिन बे माझ्या शेजारी दगडी पायरीवर ऐसपैस बसले. त्यांनी कोट काढून उन्हात वाळत घातला.

"सांगा, व्याही," ते म्हणाले. "आता सगळे घरचेच आहेत."